ड्युअल लँड्सचा रिव्ह्यू: कोण किती वसूल करतं आणि कधी

मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळणारे आपण सगळे ड्रॅगनवर बोलतो, प्लेन्सवॉकरवरून भांडतो, नवीन सेट आला की आधी मिथिक रेअर बघतो, आणि मॅच हरतो ती कशामुळे, तर हातात तीन काळी कार्डं आणि समोर नुसत्या पांढरा रंग देणाऱ्या तीन प्लेन्स. म्हणून आज रिव्ह्यू अशा कार्डांचा ज्यांचं कौतुक कुणी करत नाही पण ज्यांच्याशिवाय दोन रंगांचा डेक धड चालत नाही, म्हणजे ड्युअल लँड्स. सगळ्या सायकली घेत नाही, ढिगाने आहेत आणि त्यातल्या बऱ्याच विसरल्या तरी चालतील अशाच आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. एका टर्नला एक लँड खाली ठेवायची, ती टॅप केली, म्हणजे आडवी केली, की माना मिळतो, म्हणजे खेळातलं इंधन, आणि त्यावर बाकीची कार्डं खेळायची. रंग पाच, बेसिक लँड एकच रंग देते (प्लेन्स पांढरा, आयलंड निळा, स्वॉम्प काळा, माउंटन लाल, फॉरेस्ट हिरवा), ड्युअल दोनपैकी हवा तो देते. पाच रंगांच्या जोड्या होतात दहा, त्यातल्या पाच दोस्त रंगांच्या (जसे पांढरा-निळा) आणि पाच दुश्मन रंगांच्या (जसे निळा-लाल), आणि एकाच नियमावर बांधलेल्या अशा पाच किंवा दहा लँड्स आल्या की ती झाली सायकल.

आता फरक किती पडतो ते बघा. ६० कार्डांचा डेक, २४ लँड्स, दोन रंग, १२-१२ बेसिक. पहिल्या सात कार्डांत ठरावीक एका रंगाची एकही लँड न येण्याची शक्यता साधारण १९ टक्के, म्हणजे जवळपास पाचातला एक हात. त्याच २४ मध्ये ८ ड्युअल आणि ८-८ बेसिक केल्या की प्रत्येक रंगाच्या १६ लँड्स होतात आणि ती शक्यता १० टक्क्यांवर येते. एकही नवीन स्पेल, म्हणजे लँड नसलेलं कार्ड, न घालता! त्यामुळे लँडला पैसे घालवणं म्हणजे वाया असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशोब एकदा स्वतः करून बघावा.

पण फुकट दोन रंग दिले तर बेसिक लँड कोण खेळेल, म्हणून प्रत्येक सायकलला काहीतरी किंमत लावावी लागते, आणि डिझाइनची सगळी मजा त्या किमतीत आहे. माझी मोजपट्टी साधी आहे. लँड किती ताकदवान आहे ते मी बघत नाही, ती किंमत कधी मागते आणि द्यायची की नाही हे माझ्या हातात ठेवते का ते बघतो.

सुरुवात अर्थात १९९३ च्या अल्फापासून, म्हणजे मॅजिकच्या पहिल्या छपाईपासून. टुंड्रा, अंडरग्राउंड सी, बॅडलँड्स, टायगा, सव्हाना वगैरे. किंमत काय? काहीच नाही. अनटॅप्ड येते, म्हणजे आल्या टर्नलाच वापरता येते, लाइफ (२० पासून सुरू, शून्यावर हार) मागत नाही, वर दोन्ही बेसिक प्रकार तिच्या अंगावर छापलेले, म्हणजे अंडरग्राउंड सी ही आयलंड पण आणि स्वॉम्प पण. (अल्फात व्होल्कॅनिक आयलंड छापायचीच राहून गेली होती, त्यामुळे तिथे निळ्या-लालवाले उपाशी, पुढच्या बीटा छपाईत ती आली.) ताकदीला पैकीच्या पैकी, डिझाइनला मी नापास करेन, कारण या लँडमध्ये विचार करण्यासारखं काही नाही, रंग जुळला की चार घाला आणि मोकळे व्हा. तिला आवर घालायला बाहेरून माणसं बोलवावी लागली, १९९४ चं ब्लड मून जे सगळ्या नॉनबेसिक लँड्सचे माउंटन करून टाकतं, नाहीतर १९९७ ची वेस्टलँड जी त्या सरळ फोडते. १९९६ मध्ये रिझर्व्ड लिस्ट आली, या दहाही तिच्यात गेल्या आणि परत छापणार नाही असं कंपनीनेच जाहीर करून टाकलं, त्यामुळे आता त्या लेगसी, व्हिंटेज आणि कमांडर या जुनी कार्डं चालणाऱ्या फॉरमॅटवाल्यांच्या नशिबी. बाकीच्यांनी चित्र बघावं आणि पुढे जावं.

१९९५ च्या आइस एजमध्ये पेनलँड आल्या आणि माझ्या मते खरं डिझाइन इथून सुरू होतं. रंगहीन माना फुकट, रंगीत हवा तर एक डॅमेज. २००५ पासूनच्या रावनिका सेट्समधली शॉकलँड म्हणते की आत येतानाच दोन लाइफ दे, नाहीतर टॅप्ड येते, पुढे आयुष्यभर काही मागणार नाही. म्हणजे पेनलँड हप्त्याने घेते आणि शॉकलँड एकरकमी. कुठली स्वस्त हे गेम किती लांबतो त्यावर आहे. चौथ्या-पाचव्या टर्नला निकाल लावणारा डेक असेल तर पेनलँड दोन-तीन वेळा चावते आणि विषय संपतो, पण लांबवर खेळणारा कंट्रोल डेक असेल तर तीच लँड हळूहळू सात-आठ लाइफ खाऊन जाते आणि कळतही नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी नवीन लोकांना फार उशिरा कळते. पेनलँडचं ते डॅमेज आहे, शॉकलँडचं ते पेमेंट आहे. एक लाइफ उरलेलं असताना पेनलँड रंगासाठी टॅप केली तर माना मिळतो आणि तुम्ही मरता. एक लाइफ असताना शॉकलँडला दोन देताच येत नाहीत, ती गुपचूप टॅप्ड येते, तुम्ही जिवंत. शिवाय पेनलँडमधला तो फुकटचा रंगहीन माना वर्षानुवर्षं नुसता सांत्वनाचा वाटायचा, पण २०१६ च्या ओथ ऑफ द गेटवॉचमध्ये खास रंगहीन मानाच मागणारे एल्ड्राझी राक्षस आले आणि स्टँडर्डमध्ये, म्हणजे फक्त नव्या सेट्सच्या फॉरमॅटमध्ये, त्या वेळी असलेल्या पेनलँड एकदम तीन रंगांच्या लँडसारख्या वागायला लागल्या. वीस वर्षांपूर्वीच्या एका ओळीला असा नवा अर्थ मिळाला की मला फार बरं वाटतं.

शॉकलँडची मात्र एक गोष्ट मानली पाहिजे, तिने बेसिक प्रकार परत आणले आणि नावं शहाणपणाने ठेवली. स्टीम व्हेंट्स, वॉटरी ग्रेव्ह, ब्रीडिंग पूल, यात रावनिका शहराचा किंवा गिल्डचा (तिथल्या संघटनांचा) उल्लेखच नाही, त्यामुळे २०२५ च्या एज ऑफ इटर्निटीजसारख्या थेट अंतराळातल्या सेटमध्येही शॉकलँडपैकी काही बिनदिक्कत छापता आल्या. त्याच रावनिका सेट्समधल्या बाउन्सलँड बघा, अझोरियस चान्सरी, ग्रुल टर्फ, नावातच गिल्ड, आता ही दुसऱ्या जगात कशी नेणार.

बाउन्सलँडचा विषय निघालाच आहे तर, टॅप्ड येते, आपली एक लँड उचलून हातात परत घ्यावी लागते, पण एकटी दोन माना देते. दिसायला हळू, प्रत्यक्षात एका कार्डात दोन लँड्स. ती नुसती कॉमन म्हणून छापली आणि नंतर २०१० मध्ये अ‍ॅम्युलेट ऑफ व्हिगर आलं जे टॅप्ड आलेलं सगळं अनटॅप करतं, आणि लोकांनी त्यावर असा डेक उभा केला की मॉडर्न फॉरमॅटमध्ये २०१६ ला त्या डेकमधल्या समर ब्लूम या कार्डावर बंदी घालावी लागली. म्हणजे टॅप्ड येणं ही किंमत डिझायनरने लावली होती आणि खेळणाऱ्यांनी त्यातूनच कमाई केली.

आता फेचलँड. यावर जरा जास्त वेळ घेणार आहे कारण इथे मला एकाच कार्डाबद्दल प्रेम पण आहे आणि तक्रार पण. २००२ च्या ऑन्सलॉटमध्ये दोस्त रंगांच्या पाच, २००९ च्या झेंडिकारमध्ये दुश्मन रंगांच्या पाच. स्वतः एकही माना देत नाही. एक लाइफ द्या, तिला सॅक्रिफाइस करा (यालाच आपण फोडणं म्हणतो), डेकमधून दोनपैकी एका प्रकारची लँड शोधून खाली ठेवा, शफल करा. वाचायला किती साधं! पण स्काल्डिंग टार्न घ्या, ती आयलंड किंवा माउंटन शोधते. शॉकलँड दहा आहेत, त्यातल्या सातांवर आयलंड किंवा माउंटन लिहिलेलं आहे. म्हणजे नावाला दोन रंगांचं कार्ड आणि हात सातांपर्यंत पोचतो, पाचही रंग त्यात आले.

एक टर्न जवळून बघू. तुमची पहिली टर्न, समोर लाल, झटपट मारणारा अ‍ॅग्रो डेक. टार्न ठेवली, फोडली, एक लाइफ गेलं, स्टीम व्हेंट्स आणली, अनटॅप्ड हवी म्हणून अजून दोन. २० वरून १७, आणि समोरच्याने अजून काहीच केलेलं नाही. त्याने फक्त एक लाइटनिंग बोल्ट (तीन डॅमेज) टाकला असता तर हेच झालं असतं, तुम्ही स्वतःलाच टाकून घेतला! दुसरा रस्ता असा की टार्न ठेवा आणि गप्प बसा, समोरच्याच्या टर्नच्या अगदी शेवटी फोडा, व्हेंट्स टॅप्ड येऊ द्या, तुमच्या टर्नला ती अनटॅप होणारच आहे. दोन लाइफ वाचले. पण मधल्या वेळात तुमच्याकडे वापरायला माना नाही आणि हे समोरच्याला दिसतं. एका लँडने तुम्हाला पहिल्याच टर्नला एवढा विचार करायला लावला, हे मला शंभर टक्के आवडतं.

वर ती ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरलेल्या कार्डांच्या ढिगात, जाऊन पडते म्हणून डेल्व्हवाली कार्डं (जी त्या ढिगातून आपली किंमत भरतात) खूश, लँडफॉल (लँड आली की होणारा परिणाम) असेल तर एका कार्डात दोनदा ट्रिगर, लेगसीत ब्रेनस्टॉर्मने (तीन कार्डं घ्या, दोन डेकवर परत ठेवा) नको ती दोन कार्डं वर ठेवायची आणि फेच फोडून शफल करून टाकायची, म्हणजे सगळ्यांची सोय. आणि तक्रार पण तीच, शफल. एका गेममध्ये दोघांनी मिळून पाच-सहा फेच फोडल्या की प्रत्येक वेळी डेक उघडा, शोधा, शफल करा, समोरच्याला कट द्या, यात राउंडचा वेळ कसा जातो ते ज्यांनी ड्रॉ घेतलेत त्यांना विचारा. २०१९ मध्ये पायोनियर फॉरमॅट सुरू करताना पहिल्याच दिवशी पाच फेचलँडवर बंदी होती, आणि मला तो निर्णय पटतो. लेगसी आणि मॉडर्नमध्ये त्या शोभतात, स्टँडर्डमध्ये नकोत.

का नकोत त्याचा पुरावा २०१५ मध्ये मिळाला. आदल्या वर्षीच्या खान्स ऑफ टार्किरमधून दोस्त रंगांच्या फेच स्टँडर्डमध्ये होत्या, त्यात बॅटल फॉर झेंडिकारने बॅटललँड आणल्या. बॅटललँड स्वतः अगदी सज्जन कार्ड, तुमच्याकडे दोन बेसिक असतील तर अनटॅप्ड, नाहीतर टॅप्ड, म्हणजे उलट बेसिक खेळायला शिकवणारं. पण तिच्यावर बेसिक प्रकार छापलेले. फ्लडेड स्ट्रँड प्लेन्स किंवा आयलंड शोधते, म्हणजे प्रेअरी स्ट्रीम मिळते, सन्कन हॉलो मिळते, कॅनपी व्हिस्टा मिळते, एका निळ्या-पांढऱ्या फेचमधून काळा आणि हिरवा पण हजर. दोन बेसिकची अट पण फेचच पुरी करून देते कारण ती बेसिकही आणते. झालं, सगळे चार-चार रंगांचे डेक घेऊन फिरायला लागले आणि रंग निवडणं ही गोष्टच उरली नाही. दोन्ही सायकली सुट्या चांगल्या, एकत्र आल्या की मॅजिकचा पायाच हलतो. सायकल तपासताना तिच्या शेजारी कोण बसणार आहे तेही बघायला लागतं, आणि इथे ते नीट बघितलं गेलं नाही असं माझं स्पष्ट मत.

याच्या उलट चांगलं शेजारपण बघायचं तर चेकलँड. २००९ च्या एम टेन सेटमध्ये आल्या, रूटबाउंड क्रॅग म्हणते माझ्याआधी माउंटन किंवा फॉरेस्ट असेल तर मी अनटॅप्ड. शॉकलँडबरोबर ही मस्त जुळते, एक स्टॉम्पिंग ग्राउंड खाली असली की क्रॅग पण खूश आणि फॉरेस्ट किंवा प्लेन्स मागणारी सनपेटल ग्रोव्ह पण खूश. २०१२ च्या आणि परत २०१८ च्या स्टँडर्डमध्ये ही जोडी होती, तीन रंग आरामात चालायचे पण पहिल्या टर्नची किंमत मोजून, कारण हातात नुसत्या चेकलँड आल्या तर पहिली तरी टॅप्ड येणारच. ही अट डेक बांधतानाच विचार करायला लावते आणि खेळताना क्रम चुकला तर शिक्षा करते. दहापैकी नऊ, माझी लाडकी सायकल.

फास्टलँड आणि स्लोलँड एकत्रच घेतो कारण त्या एकमेकींच्या उलट्या आहेत. फास्टलँड, २०१० चा स्कार्स ऑफ मिरोडिन, तुमच्याकडे दुसऱ्या दोन किंवा कमी लँड्स असतील तरच अनटॅप्ड. स्लोलँड, २०२१ चे दोन इनिस्ट्राड सेट, दुसऱ्या दोन किंवा जास्त असतील तरच अनटॅप्ड. गंमत बघा, तिसरी लँड म्हणून ठेवली तर दोन्ही अनटॅप्ड! त्याच्या अलीकडे एक जिंकते, पलीकडे दुसरी. अ‍ॅग्रोवाल्याने चौथ्या टर्नला फास्टलँड खेचली की तोंड वाकडं होतं आणि ते व्हायलाच पाहिजे, कारण सुरुवातीच्या वेगाचा मोबदला तिथे वसूल होतो. एका वाक्यात लिहिता येणारी अट आणि कुठल्या डेकची कुठली हे लगेच कळतं, यापेक्षा स्वच्छ डिझाइन मला माहीत नाही. मग लाडकी चेकलँड का, असं विचाराल तर उत्तर नाही, आवड आहे.

सरळ टॅप्ड येणाऱ्यांमध्ये फार दम नाही. २००० च्या इन्व्हेजनमधली कोस्टल टॉवर टॅप्ड येते आणि बस, बाकी काही नाही. खान्समधल्या एक लाइफ देतात, ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाकिटं फोडून जागेवरच डेक बांधताना, ठीक. थेरोसच्या टेंपल टॅप्ड येऊन स्क्राय एक देतात, म्हणजे वरचं कार्ड बघून नको असेल तर खाली टाकता येतं, हळू डेकला हे पुरतं. वर्ल्डवेकच्या मॅनलँड मात्र वेगळी जात. सेलेस्टियल कॉलोनेड टॅप्ड येते, निमूट दोन रंग देत राहते, आणि गेम लांबला, दोघांचे हात रिकामे झाले की पाच माना घालून चार-चारचं (ताकद चार, दम चार) उडणारं क्रीचर होऊन मारायला निघते. टॅप्ड येण्याचा पहिल्या टर्नचा तोटा दहाव्या टर्नला भरून देते, तोपर्यंत जिवंत राहायची जबाबदारी तुमची. २०२४ च्या सर्व्हेल लँड्स (आल्या की वरचं कार्ड बघून हवं तर ग्रेव्हयार्डमध्ये टाकता येतं) पण याच रांगेत वाटतात पण त्यांच्यावर बेसिक प्रकार आहेत, म्हणजे समोरच्याच्या टर्नच्या शेवटी फेच फोडून आणल्या की टॅप्ड असण्याचा त्रास शून्य आणि सर्व्हेल फुकट, म्हणून मॉडर्न आणि लेगसीत लोक चार नाही, एक-दोनच ठेवतात आणि हवी तेव्हा शोधतात.

फिल्टरलँडवर माझा जुना राग आहे. मिस्टिक गेटला आधी पांढरा किंवा निळा माना द्या मग ती त्या दोन रंगांतले दोन परत देईल. तीन पांढरे मागणारं कार्ड खेळायचं असेल तर वरदान. पण हातात दोन फिल्टरलँड आणि दुसरी कुठलीच लँड नाही, अशा वेळी समोर दोन लँड्स असून एकही रंग नाही. दोन रंग देणाऱ्या लँडने निदान एक तरी रंग स्वतःच्या जोरावर द्यावा ना यार.

पाथवे २०२० ला आल्या तेव्हा मला वाटलं आता प्रश्न मिटला. कार्डाला दोन बाजू, ठेवताना एक निवडायची, कायम अनटॅप्ड, लाइफ नाही, अट नाही. किंमत एवढीच की निवडली ती निवडली. दोन रंगांच्या वेगवान डेकसाठी उत्तम. पण दुसऱ्या टर्नला निळी ठेवली आणि पाचव्या टर्नला दोन काळे हवेत, तर ती आता नुसती आयलंड आहे, आयलंड हा प्रकार सुद्धा नसलेली. हात बघून पुढच्या तीन टर्न आधीच ठरवाव्या लागतात, हे चांगलं. तीन रंगांच्या कमांडर डेकमध्ये घालू नका, तिथे फार तर भरती.

सगळ्यात मोठी तक्रार कुठल्याच कार्डावर छापलेली नाही, ती वेळापत्रकाची आहे. दोस्त रंगांच्या पाच आज आणि दुश्मन रंगांच्या पाच कधीतरी! पेनलँड १९९५ आणि मग २००१. फेच २००२ आणि २००९. फास्टलँड २०१० आणि मग २०१६ चा कलादेश. म्हणजे पांढरा-निळा खेळणाऱ्याला सगळं मिळतं आणि निळा-लाल खेळणाऱ्याने सहा-सात वर्षं दुधाची तहान ताकावर भागवायची. दुश्मन रंग एकत्र खेळणं जरा अवघड असावं हे मला मान्य आहे, पण ती अडचण कार्डात लिहा, छापायला उशीर करून कशाला? २०१३ पासूनच्या थेरोस ब्लॉकमध्ये, म्हणजे जोडून आलेल्या तीन सेट्समध्ये, दहाही टेंपल दिल्या, खान्समध्ये लाइफ देणाऱ्या दहाही एकाच सेटमध्ये, म्हणजे जमतं.

शेवटी व्हर्ज, सध्या स्टँडर्डमध्ये दोन रंग खेळणाऱ्यांना मी पहिलं हेच नाव सांगतो. ग्लूमलेक व्हर्ज निळा कायम देते, काळा फक्त तुमच्याकडे आयलंड किंवा स्वॉम्प असेल तर. नेहमी अनटॅप्ड, लाइफ मागत नाही, आणि फिल्टरलँडसारखी कोरडी कधीच पडत नाही कारण निदान निळा तरी हमखास. पण हातात दोन ग्लूमलेक आणि बाकी सगळी काळी कार्डं आली तर त्या दोन्ही निळ्याच, तिथे हात कीप करायचा की मुलिगन, म्हणजे परत करून नवा घ्यायचा, हा खराखुरा प्रश्न आहे. कुठला रंग पक्का आणि कुठला अटीवर हे डिझायनरने ठरवून टाकलंय, त्यामुळे तुमचा डेक मुख्यतः काळा असेल तर ही सायकल तुम्हाला थोडी कमीच मिळते, तेवढं धरून बेसिक आणि शॉकलँडचा आकडा वाढवा. आणि हो, दोस्त रंगांच्या पाच सप्टेंबर २०२४ च्या डस्कमोर्नमध्ये आल्या आणि दुश्मन रंगांच्या पाच फेब्रुवारी २०२५ च्या एथरड्रिफ्टमध्ये, सहा महिन्यांच्या आत. साडेआठ देणार होतो, यासाठी नऊ.